सहा सिलिंडर, बारा प्लग

व्हॉल्व्ह सेटिंगसाठी इंजिनाचं खालचं कव्हर सोडलं आणि तेलाच्या धारेबरोबर एक नट ट्रेमध्ये ठण्णकन पडला. नटात स्टडचा, म्हणजे आटेदार दांड्याचा, तुटका तुकडा तसाच अडकलेला. मी गाडीखाली आडवा, मास्टर शेजारी उकिडवे. त्यांनी तो तुकडा उचलला, अंगठ्याने पुसला आणि तुटलेली कड दिव्यासमोर धरली. कडेचा अर्धा भाग काळा पडलेला, अर्धा चकचकीत.

‘‘हा आज तुटलेला नाही. बरेच दिवस तुटत होता,’’ ते म्हणाले. ‘‘इंजिन उतरवावं लागेल.’’

गाडी १९८० ची पोर्शे ९११ एससी. तीन लिटरचं, हवेने थंड होणारं, आडवं सहा सिलिंडरचं इंजिन. मी लुडविग्सबुर्गला राहतो. ज्या झुफेनहाउझेनच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली तो इथून दहा किलोमीटरच्या आत आहे. मास्टर म्हणजे जवळच्या गावात छोटं वर्कशॉप असलेले, आता सत्तरी ओलांडलेले मेकॅनिक. जर्मनीत मेकॅनिक परीक्षा देऊन ‘माइस्टर’ होतो. घरी बोलताना मी त्यांना मास्टरच म्हणतो.

सिलिंडरचं झाकण म्हणजे हेड. ते घट्ट धरायला या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला चार असे चोवीस हेड स्टड असतात. खालच्या ओळीतले बारा थेट रस्त्याच्या बाजूला. चाळीस हिवाळ्यांतलं पाणी आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यांनी सोसलेलं. एक तुटला की बाकीच्यांचा भरवसा ठेवायचा नसतो. म्हणजे हेडं काढायची, सिलिंडर काढायचे, सगळे स्टड बदलायचे. आणि हेडं बाहेर येणारच असतील, तर जी गोष्ट मी चार-पाच वर्षं मनात घोळवत होतो ती करण्याची वेळ हीच होती : प्रत्येक सिलिंडरला दुसरा स्पार्क प्लग.

पुण्याला बाबांना फोन केला तेव्हा त्यांना समजावण्याची गरजच पडली नाही. ‘‘म्हणजे आपल्या पल्सरसारखं,’’ ते म्हणाले. बजाजने २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय इंजिन दिलं, तेव्हा दोन प्लग हा शब्द महाराष्ट्रातल्या प्रत्येक गॅरेजात पोचला. तेही हवेने थंड होणारंच इंजिन. मात्र पल्सरचं हेड दोन प्लगांसाठीच ओतलेलं होतं. माझ्या हेडांना दुसरं भोक पाडायचं होतं.

दुसरा प्लग कशासाठी, हे मला नीट समजायला वेळ लागला होता. बरेच जण समजतात की ठिणग्या दोन, म्हणून ताकद जास्त. मुद्दा वेळेचा आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एकदम पेटत नाही; ठिणगीपासून ज्योत पसरत जाते. ९११ चं सिलिंडर ९५ मिलिमीटर व्यासाचं, ज्वलनकक्ष अर्धगोलासारखा, आणि प्लग एका बाजूला. ज्योतीला अख्खी खोली ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं असतं. कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) वाढवायचं म्हणून पिस्टनच्या डोक्यावर उंच घुमट दिला, तर त्या खोलीच्या मधोमध टेकडीच उभी राहते आणि ज्योतीला तिला वळसा घालून जावं लागतं.

यावर जुना उपाय म्हणजे ठिणगी लवकर पाडणं. पिस्टन वर पोहोचायच्या तीस-पस्तीस अंश आधी. ३००० आरपीएमला क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, म्हणजे ३५ अंश म्हणजे जेमतेम दोन मिलिसेकंद. पण त्या दोन मिलिसेकंदांत पिस्टन अजून वर येतोय आणि पेटलेला वायू त्याला खाली रेटतोय. त्या रेटारेटीत ताकद वाया जाते, आणि हेड तापतं. पाण्याचं इंजिन असेल तर हेडाभोवतीचं पाणी ती उष्णता उचलतं. इथे फिन्स (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या), पंखा आणि तेल, एवढंच. हेड तापलं की पलीकडच्या कोपऱ्यात थांबलेलं मिश्रण ज्योत पोहोचण्याआधीच आपोआप स्फोट पावतं. तेच नॉकिंग. पिस्टनला भोक पडण्याची सुरुवात तिथून होते.

दोन बाजूंनी एकदम पेटवलं तर ज्योतीला अर्धंच अंतर जायचं असतं. ठिणगी पाचसात अंश उशिरा पाडली तरी ज्वलन वेळेत पूर्ण होतं. वाचलेल्या त्या अंशांवर थोडं जास्त कॉम्प्रेशन पेलता येतं. माझ्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं कारण हेच.

झुफेनहाउझेनला ही गोष्ट फार आधीपासून माहीत होती. एर्न्स्ट फुरमान यांनी १९५० च्या दशकात केलेल्या चार कॅमच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे दोन प्लग होते. १९६६ च्या कॅरेरा ६ ला होते, १९६७ च्या ९११ आरला होते. १९७३ ची कॅरेरा आरएसआर, जिने त्या एका वर्षात डेटोनाची २४ तासांची आणि सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ या दोन्ही शर्यती जिंकल्या, तिच्या २.८ लिटर इंजिनात बारा प्लग होते आणि कॉम्प्रेशन १०.३. रोजच्या वापराच्या ९११ ला मात्र दुसरा प्लग मिळाला तो थेट १९८९ च्या ३.६ लिटर इंजिनात. माझी गाडी या दोन टोकांच्या मधली. तिचं मूळ कॉम्प्रेशन ८.६. आम्ही ठरवलं, १०.३.

इंजिन आणि गिअरबॉक्स या गाडीत एकत्रच खालून निघतात. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही; एक दिवस, दोन जॅक आणि भरपूर धीर. स्टड काढण्याचं काम त्याहून जिकिरीचं. जुने स्टड आट्यांना लावलेल्या गोंदाने धरलेले असतात. जोर लावला की क्रँककेसमध्येच, म्हणजे इंजिनाच्या मुख्य खोक्यातच, मोडतात. टॉर्चने मुळाशी क्रँककेस तापवायची, एक मिनिट थांबायचं, मग पाव-पाव फेरा. काढताना चोविसांपैकी एकही मोडला नाही. शेवटचा निघाला तेव्हा मास्टरांनी टॉर्च बंद केला आणि कॉफी ठेवली. त्यांच्या पद्धतीने ती शाबासकी होती.

इग्निशन कोणतं वापरायचं यावर आमचे दोन रविवार गेले. आजकाल बहुतेक जण क्रँकच्या पुलीवर साठ दात वजा दोन असं चाक बसवतात, सेन्सर लावतात आणि छोटा संगणक ठिणगीची वीज देणारे कॉईल पॅक चालवतो. अचूक, झिजत नाही, लॅपटॉपवरून टायमिंग बदलता येतं. इंजिनियर म्हणून माझा कल तिकडेच होता. मास्टरांचा प्रश्न वेगळा होता : ‘‘एच पाटीचं काय?’’

जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला नंबरच्या शेवटी ‘एच’ अक्षर मिळतं, आणि वर्षाचा कर ठरलेला, १९१.७३ युरो. अट अशी, की बदल केले असतील तर ते त्या काळातले हवेत. साधारणपणे पहिल्या नोंदणीपासून दहा वर्षांत जे केले जात होते ते चालतात. बारा प्लग १९७३ च्या गाडीत होते, म्हणजे प्रश्न नाही. चकचकीत कॉईल पॅक १९८० च्या गाडीवर शोभतही नाहीत आणि तपासनिसाला पटवणंही अवघड. पैशाचा विचार फार नव्हता. पण ते अक्षर मला हवं होतं.

शेवटी बारा टोकांचा डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज प्लगांना आळीपाळीने वाटणारा भाग) घेतला, जुन्या आरएसआरच्या धर्तीवर बनवलेला. एकाच कॅपमध्ये दोन कॉईलच्या वायरी येतात आणि बारा प्लगांच्या निघतात. आत वजनं आणि स्प्रिंगा, टायमिंग त्यांच्यावर. त्याला दोन कॉईल आणि त्यांना विजेचा झटका देणारे दोन सीडीआय डबे लागतात. तयार मिळालेल्या डिस्ट्रिब्युटरचा ॲडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी किती अंश आधी सरकते ते) आमच्या इंजिनाला जास्त होता. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर २० अंश वाढ हवी असेल तर आतली वजनं १० अंशांवर अडायला हवीत. मास्टरांनी आतली खाच थोडी भरून, कानसने घासून, टेस्ट बेंचवर लावून, पुन्हा काढून, पुन्हा घासून ते दहा अंश आणले. या कामाला त्यांनी अख्खी संध्याकाळ घेतली आणि मला हातही लावू दिला नाही.

हेडांचं काम मी आधी बाहेर दिलं होतं. त्यांना सरावासाठी एक भंगार हेड दिलं, हे नशीब. परत आलं तेव्हा भोक दिसायला ठीक होतं, पण प्लग हाताने बसवला आणि वॉशरखाली बॅटरी धरली तर एका बाजूने उजेड आरपार. प्लगची बैठक आट्यांशी काटकोनात नव्हती. असा प्लग कितीही आवळा, गॅस गळणार. त्या वर्कशॉपचं म्हणणं, वॉशर दबला की जमेल. आम्ही उरलेली सहा हेडं त्यांना दिली नाहीत.

त्या रात्री बाबांना व्हिडिओवर हेड दाखवलं. चिंचवडच्या टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

‘‘अरे, तिरक्या जागेवर थेट ड्रिल टेकवलाय. मग तो भरकटणारच. आधी एंड मिलने सपाट बैठक कर. मग सेंटर, मग ड्रिल. आणि जॉब एकदा बांधलास की टॅप मारून होईपर्यंत सोडायचा नाही.’’

‘‘एकाच सेटिंगमध्ये सगळं?’’

‘‘सगळं. आणि टॅपला रॉकेल लाव. ॲल्युमिनियम चिकटतं.’’

मास्टरांना हे जर्मनमध्ये सांगितलं तर ते रॉकेलच्या उल्लेखाला हसले आणि कपाटातून पेट्रोलियमची बाटली काढून दाखवली. तेच ते.

आम्ही जाड प्लेट घेतली, तिच्यावर हेडाच्याच चार स्टडांच्या भोकांनी हेड बसेल अशी मांडणी केली, आणि प्लेट मिलिंग मशीनवर हव्या त्या कोनात तिरकी बांधली. त्यामुळे सहाही हेडं त्याच जागी, त्याच कोनात बसत होती. दुसरा प्लग खालच्या बाजूने, एक्झॉस्टकडून येतो. तिथल्या काही फिन्स कापाव्या लागतात. मला ते जिवावर आलं. हवेच्या इंजिनाच्या फिन्स कापायच्या म्हणजे त्याच्या श्वासावरच कात्री. म्हणून लागतील तेवढ्याच कापल्या, कडा गोल केल्या.

पहिलं हेड. एंड मिल खाली आला, पांढरी सपाट बैठक तयार झाली. सेंटर ड्रिल. मग १२.८ चा ड्रिल, हळूहळू, दर दोन मिलिमीटरला वर काढून चुरा झटकत. शेवटच्या मिलिमीटरला आवाज बदलतो, थोडा पोकळ होतो. तिथे हात अगदी हलका करायचा, नाहीतर आतल्या बाजूला धातूचा ओठ फाटतो. मग आटे पाडणारा १४ चा टॅप, सव्वा मिलिमीटरच्या आट्यांचा, मशीनच्या स्पिंडलमध्येच धरून हाताने फिरवलेला. अर्धा फेरा पुढे, पाव मागे. प्लग लावला, बॅटरी धरली. कुठूनही उजेड नाही.

आणखी एक गोष्ट आतून पाहायची असते. प्लगच्या आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, आणि आट्यांचं शेवटचं टोक ज्वलनकक्षाच्या भिंतीशी अगदी समपातळीत यायला हवं. एखादा आटा कक्षात डोकावला तर तो लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. भिंतीच्या मागे राहिला तर खड्ड्यात कार्बन साठतो. बैठकीची खोली त्यावरून ठरवायची. एका हेडाला आम्ही दोन दशांश मिलिमीटरसाठी पुन्हा बांधलं, डायल लावला आणि नीट केलं.

नव्या पिस्टनच्या घुमटाला दुसऱ्या प्लगसमोर खळगा आहे ना, हे मातीने तपासलं. मुलांच्या खेळण्यातली माती पिस्टनवर थापायची, हेड बसवायचं, क्रँक हाताने फिरवायचा, उघडून मातीची जाडी कापून बघायची. त्यानंतर ब्युरेट, म्हणजे द्रव मोजायची आखलेली काचनळी. हेड उलटं ठेवून वर पारदर्शक पर्स्पेक्सची पट्टी, पट्टीच्या छोट्या भोकातून रंगीत स्पिरिट थेंबथेंब सोडत कक्षाचं आकारमान मोजायचं. दोन्ही प्लग लावूनच, कारण नव्या प्लगची पोकळीही त्यात धरावी लागते. एका सिलिंडरचं आकारमान ४९९ घन सेंटीमीटर. १०.३ कॉम्प्रेशनसाठी पिस्टन वर असताना शिल्लक जागा साधारण ५३.७ हवी. सहा हेडांत सर्वांत लहान आणि मोठ्या कक्षात दीड घन सेंटीमीटरचा फरक निघाला. दीड म्हणजे चमचाभरही नाही, पण तेवढ्याने कॉम्प्रेशन पाव अंकाने हलतं. टायमिंग सहाही सिलिंडरांना एकच मिळणार, म्हणून कक्ष घासून सारखे केले. हे काम मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडलं. तीन रात्री, रेडिओ चालू, आणि ब्युरेटमधली निळी पातळी.

मार्चच्या शेवटी इंजिन गाडीत गेलं. बारा वायरी. वरच्या सहा जुन्या वाटेने, खालच्या सहा पत्र्याच्या कव्हरखालून, एक्झॉस्टपासून शक्य तितक्या लांब, क्लिपांनी बांधून. खालचे प्लग बदलायला यापुढे गाडी वर घ्यावी लागणार, हे मान्य करूनच पुढे जायचं.

किल्ली पहिल्या खाचेवर आणली की या गाडीचा सीडीआय डबा बारीक शिट्टी घालतो. जुन्या ९११ चे मालक त्या आवाजावरूनच इग्निशन जिवंत आहे हे ओळखतात. आता डबे दोन. दोन शिट्ट्या, किंचित वेगळ्या सुरात. मी थांबून त्या ऐकल्या.

स्टार्टर मारला. इंजिन धरलं, दोन फेरे नीट फिरलं आणि मागून धाड! असा आवाज. मी किल्ली बंद केली. हात थरथरत होते. या गाडीच्या के-जेट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनचा एअरबॉक्स (सिलिंडरांना हवा वाटणारा डबा) प्लॅस्टिकचा असतो आणि बॅकफायरने, म्हणजे ज्योत उलटी आल्याने, तो फुटू शकतो. तो वाचला, कारण आधीच्या मालकाने त्यावर दाब सोडणारी झडप बसवून घेतली होती.

चूक माझी होती, आणि कागदावर बसून शोधली तेव्हा स्वच्छ दिसली. ९११ चा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-६-२-४-३-५. एक आणि दोन नंबरचे सिलिंडर डाव्या बाजूला शेजारी शेजारी. गाडीखाली हात घालून वायरी लावताना मी त्यांच्या खालच्या वायरींची अदलाबदल केली होती. त्यामुळे दोन नंबरला खालची ठिणगी २४० अंश आधी मिळत होती. २४० अंश आधी दोन नंबरचा पिस्टन मिश्रण ओढत खाली जात असतो, इनटेक व्हॉल्व्ह सताड उघडा. ज्योत थेट एअरबॉक्समध्ये. वरचे प्लग बरोबर होते म्हणून इंजिन सुरू झालं. एकच प्लग असता तर सुरूच झालं नसतं आणि चूक लगेच कळली असती. बारा वायरी लावणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर लावा, आणि पहिल्या स्टार्टआधी दुसऱ्या माणसाला मोजायला सांगा.

मास्टरांनी मोजल्या. दुसऱ्यांदा स्टार्टर मारला आणि इंजिन ९०० वर जे थांबलं ते तिथेच राहिलं. या इंजिनाचा थंडीतला थोडा कुरकुरता आयडल (गाडी उभी असतानाची चाल) मला पाठ होता. तो गेला होता. खालच्या कॉईलची जोडणी काढली की आरपीएम शंभराने पडायचे, आवाज जाड व्हायचा. जोडली की पुन्हा गुळगुळीत. मास्टर हे चार वेळा करून बघत राहिले.

टायमिंग ठरवायला गाडी रोलर टेस्ट बेंचवर नेली. अंदाजाने लावलेलं टायमिंग मला चालणार नव्हतं. क्रँककेसला तांब्याची नळी बोल्टने बांधली, तिच्या टोकाला रबरी पाइप आणि पाइपचं दुसरं टोक कानांवरच्या आवाजरोधक कपांमध्ये. नॉकिंग सुरू व्हायच्या आधीच, पत्र्यावर ज्वारीचे दाणे पडल्यासारखं, त्यात ऐकू येतं. २२ अंशांपासून दोन-दोन अंश वाढवत गेलो. २६ पर्यंत ओढ वाढत गेली. २८ ला काहीच वाढलं नाही. म्हणून २६ वर थांबलो आणि डिस्ट्रिब्युटर आवळला. नळीतून फक्त इंजिनाची घरघर. मग अर्ध्या थ्रॉटलवर, ३००० ला, खालची कॉईल काढली. ओढ एकदम ढिली. एकाच प्लगला हे टायमिंग खूपच उशिराचं होतं, आणि ती गेलेली ओढ हाच मला हवा असलेला पुरावा होता.

एकूण ताकद किती वाढली हा आकडा मी मुद्दाम देत नाही. पिस्टन नवे, रिंगा नव्या, कॉम्प्रेशन जास्त. त्यातलं प्लगांचं श्रेय किती, हे वेगळं काढता येत नाही.

नव्या प्लगांच्या हीट रेंजबद्दल एक सावधगिरी. कॉम्प्रेशन वाढलं की एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडून देणारा, प्लग घ्यावा लागतो. बॉशच्या नंबरात आकडा कमी म्हणजे थंड, एनजीकेच्या नंबरात आकडा जास्त म्हणजे थंड. वरखाली दोन कंपन्यांचे प्लग असतील तर इथे घोटाळा होतोच. बाराही एकाच कंपनीचे घ्या.

तपासनिसाने एच पाटीसाठी गाडी बघितली तेव्हा डिस्ट्रिब्युटरची कॅप बराच वेळ न्याहाळली. मी आरएसआरच्या इंजिनाचा छापील फोटो सोबत ठेवला होता. त्याने तो पाहिला, वायरी मोजल्या, शिक्का मारला.

मेमध्ये ऊन पडल्यावर ए-८ महामार्गाने उल्मच्या दिशेने गेलो. म्युहलहाउझेनच्या पुढे श्वेबिश आल्बचा चढ लागतो. रस्ता डोंगराला चिकटून चढत जातो, खंडाळ्यासारखाच, फक्त दरीत बीचची झाडं. पूर्वी इथे चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की तेलाच्या तापमानाचा काटा चढायला लागायचा आणि मी पाय काढायचो. या वेळी टाकीत ९८ ऑक्टेन होतं, कान नॉकिंगकडे, डोळे काट्यावर. माथ्यावर पोहोचेपर्यंत काटा नेहमीपेक्षा खालीच राहिला. एका चढावरून नियम काढता येत नाही. पण त्या उन्हाळ्यात मी तो चढ सहा वेळा गेलो आणि सहाही वेळा तसंच झालं.

हजार किलोमीटर झाल्यावर बाराही प्लग काढले आणि वर्तमानपत्रावर दोन ओळींत मांडले. वर एक ते सहा, खाली एक ते सहा. फिकट तपकिरी, जवळजवळ सारखे. फोटो काढून बाबांना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजले होते, तरी दोन मिनिटांत उत्तर आलं.

‘‘छान. खालच्या ओळीतला चार नंबर जरा ओलसर वाटतोय. तेल उतरतंय का बघ.’’

मी प्लग उजेडात धरला. पोर्सेलिनच्या मुळाशी तेलाची बारीक चकाकी होती. आडव्या इंजिनात रात्रभरात थोडं तेल सिलिंडरच्या खालच्या कडेला उतरतं, आणि खालचे प्लग तिथेच असतात, तेवढंच असेल कदाचित. तरी गाडी पुन्हा वर घेतली आणि चार नंबरचं कॉम्प्रेशन मोजायला गेज लावला.